जेम्स आर्नेस आणि ‘गनस्मोक’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेस्टर्न (अमेरिकेतल्या गुराखी-बंदूकबाजांच्या गोष्टी) म्हटलं की आपल्याकडे क्लिंट ईस्टवूडचं नाव निघतं, फार तर जॉन वेनचं. जेम्स आर्नेस म्हटलं की समोरचा भुवया उंचावतो. मग मी सांगायला लागतो, आणि दर वेळी तेच प्रश्न येतात. ते एकदाचे लिहून टाकले आहेत.

हा जेम्स आर्नेस नक्की कोण?

सलग वीस वर्षं एकाच माणसाचं काम करणारा नट. सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर १० सप्टेंबर १९५५ ला ‘गनस्मोक’ सुरू झाली आणि ३१ मार्च १९७५ ला तिचा शेवटचा नवा भाग लागला. एकूण भाग ६३५. आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष असताना सुरू झालेली मालिका केनेडी, जॉन्सन आणि निक्सन येऊन गेले तरी चालूच होती. बंद पडली ती फोर्डच्या काळात. पहिल्या भागात आर्नेस ३२ वर्षांचा होता, शेवटच्या भागात ५१ वर्षांचा.

गोष्ट साधीच. कॅन्सस राज्यातलं डॉज सिटी हे गाव, काळ १८७० च्या दशकातला. टेक्सासहून गुरांचे कळप हाकत गुराखी येतात, रेल्वेवर गुरं चढवतात आणि हातात पडलेला पैसा सलूनमध्ये उडवतात. (सलून म्हणजे न्हाव्याचं दुकान नव्हे, दारूचा गुत्ता.) या गावात कायदा राखायचं काम मॅट डिलन या मार्शलचं. त्याच्याबरोबर म्हातारा डॉक, गुत्त्याची मालकीण मिस किटी आणि एक मदतनीस. या चौघांवर वीस वर्षं काढली.

मार्शल म्हणजे शेरीफच ना?

नाही. शेरीफ काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, लोकांनी मतं देऊन निवडलेला. यू. एस. मार्शल केंद्र सरकारने नेमलेला. डिलन दुसऱ्या जातीतला.

लंगडतो तो कोण? आर्नेस की त्याचा मदतनीस?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

पडद्यावर लंगडतो तो मदतनीस चेस्टर. ते काम डेनिस वीव्हरचं. वीव्हर हा पक्का खेळाडू: १९४८ च्या ऑलिम्पिकसाठी अमेरिकेची डेकॅथलॉनची (दहा मैदानी प्रकारांची) निवड चाचणी झाली तिच्यात तो सहावा आला होता. पण मालिकेतला मदतनीस बंदूक चालवणारा, मारामारीत पुढे धावणारा नको होता, कारण ते नायकाचं काम. सहा फुटांहून उंच, धडधाकट माणूस गप्प उभा का राहतो, हे प्रेक्षकाला पटायला काही तरी कारण हवं. म्हणून वीव्हरने एक गुडघा ताठ धरला. १९६४ पर्यंत, नऊ वर्षं, तो पाय न वाकवता चालला, पायऱ्या चढला, शेकोटीपाशी बसला. एकदा स्वतः करून बघा. शेकोटीपाशी बसताना खरी फजिती होते.

खराखुरा अधू पाय मात्र आर्नेसचा होता. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकन पायदळाच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये साधा रायफलधारी शिपाई होता. त्याला खरं तर वैमानिक व्हायचं होतं, उंचीमुळे नाकारलं. २२ जानेवारी १९४४ ला इटलीत अँझिओच्या किनाऱ्यावर फौज उतरली. होडी थांबली तिथे पाणी किती खोल आहे कोणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यात उंच म्हणून आर्नेसला आधी उतरवलं. पाणी त्याच्या कमरेपर्यंत आलं, मग बाकीचे उतरले. माणसाचा असा मोजपट्टीसारखा वापर फक्त लष्करातच होत असावा.

दहाच दिवसांनी, १ फेब्रुवारीला, रात्रीच्या गस्तीवर मशीनगनच्या गोळ्यांनी त्याच्या उजव्या पायाची हाडं फुटली. वय २०. पुढचं जवळपास वर्ष रुग्णालयात गेलं. जानेवारी १९४५ मध्ये ब्राँझ स्टार आणि पर्पल हार्ट ही पदकं घेऊन तो सैन्यातून सुटला. पाय जन्मभर ठणकत राहिला, आणि घोड्यावर बसला की जास्तच.

आता हाच माणूस वेस्टर्नचा नायक होतो! ज्या धंद्यात दिवसभर घोडा, त्याच धंद्यात. म्हणजे ‘गनस्मोक’ची पहिली नऊ वर्षं बघताना एका चौकटीत दोन माणसं दिसतात: धडधाकट माणूस लंगड्याचं सोंग करतोय, आणि पायाने अधू माणूस सरळ चालण्याचं. चेस्टरच्या पायाची तारीफ सगळ्यांनी केली, वीव्हरला १९५९ चा एमी हा टीव्हीचा पुरस्कारही मिळाला. दुसरा अभिनय कोणाच्या लक्षातच यायचा नव्हता, आणि तो नीट जमला म्हणूनच आला नाही.

उंची खरंच सहा फूट सात इंच होती?

हो. म्हणजे दोन मीटरच्या वर. उंचीमुळे त्याचा फायदा कमी आणि तोटाच जास्त झाला, निदान सुरुवातीला. नायकापेक्षा वीतभर उंच असलेला सहनट कोणाला हवा असतो?

‘गनस्मोक’च्या आधी काय करत होता?

जन्म मिनिआपोलिसचा, २६ मे १९२३. खरं आडनाव ऑर्नेस, नॉर्वेजियन घराणं. एका स्टुडिओप्रमुखाच्या सांगण्यावरून त्यातलं एक अक्षर गळलं आणि आर्नेस झालं. युद्धानंतर गावातल्या रेडिओ केंद्रावर निवेदक झाला, मग वाटेत मिळेल त्या गाडीला हात करत हॉलिवूडला पोचला. १९४७ मध्ये ‘द फार्मर्स डॉटर’ हा पहिला चित्रपट मिळाला. त्यात तो नायिकेच्या भावांपैकी एक आहे.

मग किरकोळ कामं. १९५१ मध्ये ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’ या भयपटात परग्रहावरून आलेला राक्षस झाला. त्यात चेहरा रंगरोगणाखाली, तोंडी संवाद नाही, आणि राक्षसही वनस्पतीच्या जातीचा. चित्रपटातच त्याला गाजर म्हणून हिणवलं जातं. १९५४ च्या ‘देम!’ मध्ये तो अजस्र मुंग्यांच्या मागावरचा एफबीआयचा माणूस आहे. दोन्ही चित्रपट आज आवडीने बघितले जातात, पण नट म्हणून त्याला त्या वेळी त्यातून फारसं काही मिळालं नाही.

मिळालं ते जॉन वेनकडून. वेनच्या कंपनीने त्याला करारावर घेतलं आणि ‘बिग जिम मॅक्लेन’, ‘हाँडो’ वगैरे चित्रपटांत वेनबरोबर कामं दिली. वेन स्वतः सहा फूट चार इंच. त्यामुळे आर्नेस शेजारी उभा राहिला तरी त्याचं काही बिघडत नव्हतं.

मॅट डिलनचं काम आधी जॉन वेनला देऊ केलं होतं ना?

ही गोष्ट सगळीकडे सांगतात. मालिकेचा पहिला निर्माता-दिग्दर्शक चार्ल्स मार्क्विस वॉरन याने ती साफ नाकारली होती, आणि मलाही ती पटत नाही. १९५५ मधला वेन दर आठवड्याला टीव्हीवर अर्धा तास काम करील, असं कोण कशाला समजेल? वेनने आर्नेसचं नाव पुढे केलं, हे मात्र खरं. आर्नेस बिचकत होता. तेव्हा टीव्हीवर गेलेल्या नटाला चित्रपटवाले परत घेत नसत. वेनने त्याला समजावलं, आपल्या करारातून मोकळं केलं, आणि पहिल्या भागाच्या सुरुवातीला स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन प्रेक्षकांना सांगितलं की हा पोरगा चांगला आहे, याची सवय करून घ्या. शब्द माझे, आशय त्याचा.

हे काम दुसऱ्या कोणाच्या तोंडून हिरावलं गेलं, असं वाचलं. खरं का?

दुर्दैवाने हो. ‘गनस्मोक’ मुळात रेडिओवरची. नॉर्मन मॅकडोनेल आणि जॉन मेस्टन यांनी ती उभी केली, १९५२ मध्ये सुरू झाली आणि टीव्ही आल्यावरही १९६१ पर्यंत चालली. रेडिओवरचा डिलन म्हणजे विल्यम कॉनरॅड. काय आवाज होता! खर्जातला, थकलेला, माणसं पुरून पुरून कंटाळलेल्याचा. टीव्हीसाठी त्याने प्रयत्न केला, पण देह स्थूल आणि उंची बेताची. आवाजाने जो डोंगराएवढा वाटायचा तो दिसायला तसा नव्हता. रेडिओची सगळी मंडळी बाजूला सारून टीव्हीवर नवे चेहरे घेतले.

पुढे १९७१ मध्ये ‘कॅनन’ या गुप्तहेर मालिकेत कॉनरॅड त्याच देहानिशी नायक झाला आणि ती पाच वर्षं चालली. मी दोन्ही डिलन ऐकले-बघितले आहेत. माझं मत विचाराल तर शब्द कॉनरॅडचे भारी, शांतता आर्नेसची.

ही मालिका वेगळी होती म्हणतात ती कशात?

टीव्हीवर तोवर वेस्टर्न म्हणजे पोरांचा माल. पांढऱ्या घोड्यावरचा नायक, खलनायकाच्या हातातली बंदूक गोळीने उडवायची, शेवटी सगळे हसत घरी. सप्टेंबर १९५५ मध्ये दोन आठवड्यांच्या आत तीन मालिका आल्या: ६ तारखेला वायट अर्प या खऱ्याखुऱ्या कायदेरक्षकावरची, १० ला ‘गनस्मोक’, २० ला ‘शायान’. मोठ्यांची वेस्टर्न तिथून रुळली. १९५८-५९ पर्यंत संध्याकाळच्या वेळेत तिसेक वेस्टर्न मालिका चालू होत्या. आपल्याकडे सासू-सुनांच्या मालिकांचं पीक आलं तसं.

पहिला भाग ‘मॅट गेट्स इट’ बघा म्हणजे फरक कळेल. मॅट गावाबाहेरच्या कबरींमधून चालतोय, स्वतःशीच बोलतोय. मग डॅन ग्रॅट नावाचा बंदूकबाज गावात येतो, दोघं समोरासमोर उभे राहतात, आणि नायक हरतो! नव्या मालिकेचा नवा नायक पहिल्याच भागात रस्त्यात आडवा. ग्रॅटचा हात त्याच्यापेक्षा वेगवान आहे. बरा होता होता मॅट विचार करतो: हा माणूस दर वेळी इतका जवळ का येतो? कारण हात वेगवान आहे, पण नेम कच्चा आहे. दुसऱ्यांदा समोर येताना मॅट त्याला जवळ येऊ देत नाही, लांबूनच थांबवतो. बस, एवढंच. ताकद नाही, अंतर.

सुरुवातीच्या शीर्षकदृश्यातही नीट बघा. समोरचा आधी गोळी झाडतो. डिलन मागाहून झाडतो, पण त्याची लागते. तो समोरचा माणूस आर्व्हो ओयाला. नटांना झटकन पिस्तूल काढायला शिकवणं हाच त्याचा धंदा. म्हणजे शिकवणारा मास्तर दर शनिवारी रात्री शिष्याच्या हातून मरायचा.

एका वर्षाला किती भाग काढायचे?

पहिली सहा पर्वं अर्ध्या तासाच्या भागांची, कृष्णधवल, वर्षाला ३९ च्या आसपास. असे २३३ भाग झाले. १९६१ पासून भाग तासाचे झाले, १९६६ पासून रंगीत. तासाचे भाग ४०२. १९५७ ते १९६१ अशी लागोपाठ चार पर्वं ही अमेरिकेतली सगळ्यात जास्त बघितली जाणारी मालिका होती.

उत्तरार्धात आर्नेसचं काम कमी होत गेलं. काही भागांत तो सुरुवातीला घोड्यावरून गावाबाहेर जातो आणि शेवटाला परत येतो. मधली गोष्ट पाहुण्या कलाकारांची: बेटी डेव्हिस येऊन गेली, लहानगी जोडी फॉस्टर, तेव्हा कोणी ओळखत नसलेला हॅरिसन फोर्ड. बर्ट रेनॉल्ड्स तर १९६२ पासून तीन वर्षं गावचा लोहार होता. मार्शल नसलेले भाग कंटाळवाणे होतात असं काही चाहते म्हणतात. मला तसं वाटत नाही; तो येणार आहे एवढं माहीत असलं तरी पुरतं.

१९६७ मध्ये मालिका बंद झाली होती का?

झाली होती, आणि परत उघडली. प्रेक्षकसंख्येच्या यादीत ती ३४ व्या क्रमांकावर घसरली होती. वाहिनीने गाशा गुंडाळायला सांगितलं. मग सीबीएसचे सर्वेसर्वा विल्यम पॅली मध्ये पडले, आणि शनिवारी रात्री दहाची मालिका सोमवारी साडेसातला आली. त्या वेळेत पोरंटोरंही जागी. पुढच्याच पर्वात ती चौथ्या क्रमांकावर! बळी गेला ‘गिलिगन्स आयलंड’चा, तिच्या मंडळींना पुढचं वर्ष पक्कं वाटत होतं.

मॅटने किटीशी लग्न का केलं नाही?

लेखकांनी करू दिलं नाही. लग्न झालं असतं तर मार्शल संध्याकाळी घरी गेला असता, आणि गुत्त्यात गोष्ट घडवायची कोणासमोर? अमांडा ब्लेकने किटी १९ पर्वं रंगवली आणि शेवटच्या पर्वाआधी सोडली. दोघांमध्ये काय आहे ते एका पेल्याने, एका नजरेने कळायचं. आपल्या आजी-आजोबांना एकमेकांचं नाव न घेता बोलताना ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना हे जास्त समजवावं लागू नये.

मेख अशी की मॅट एकदा गुंतलाही, तो भलतीकडेच. १९७३ च्या एका भागात त्याची स्मृती जाते आणि एका विधवेकडे तो राहतो. त्या भागाचा धागा पकडून १९९० मध्ये त्याला एक वयात आलेली मुलगी दाखवली. किटीच्या चाहत्यांनी ते आजवर माफ केलेलं नाही.

शेवटचा भाग कसा होता?

नव्हताच. म्हणजे निरोपाचा असा भागच नव्हता. पुढचं पर्व होणार या समजुतीत सगळे घरी गेले, आणि मालिका बंद झाल्याची बातमी त्यांना धंद्याच्या वर्तमानपत्रांतून कळली. शेवटचा प्रसारित भाग ‘द शेअरक्रॉपर्स’, तोही फेस्टसचा. (चेस्टर गेल्यावर आलेला मदतनीस, केन कर्टिसने तो ११ वर्षं केला.) वीस वर्षं नोकरी, आणि निरोपसमारंभाचा साधा चहासुद्धा नाही.

पुरस्कार किती मिळाले?

एमीची नामांकनं तीन, १९५७ ते १९५९. एमी शून्य. चेस्टरला मिळाला, डॉकचं काम करणाऱ्या मिलबर्न स्टोनला १९६८ मध्ये मिळाला, मालिकेलाही मिळाला. मधला खांब कोरा राहिला. मला यात अन्यायापेक्षा परीक्षकांची अडचण जास्त दिसते. आर्नेस ‘करत’ काहीच नाही. टोपी नीट करतो, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतो, दारातून वाकून आत येतो. तो मोठा नट होता असं मी म्हणणार नाही. पण खोलीत आल्यावर खोली बदलते, हे शिकवून येत नाही.

पीटर ग्रेव्हज त्याचा कोण?

सख्खा धाकटा भाऊ. ‘मिशन: इम्पॉसिबल’ मालिकेतला जिम फेल्प्स तो हाच. आडनाव वेगळं कारण त्याने आईच्या घराण्यातलं एक आडनाव घेतलं. गंमत अशी की ‘गनस्मोक’नंतर साधारण महिन्याभराने पीटरचीही ‘फ्युरी’ ही मालिका सुरू झाली, काळ्या घोड्याची, मुलांसाठी. एका घरातले दोन भाऊ, दोन वाहिन्यांवर, दोघंही घोड्यांपाशी.

त्यानंतर काय केलं?

पुन्हा वेस्टर्नच. ‘हाऊ द वेस्ट वॉज वन’ मध्ये केस वाढवलेला, कातड्याचे कपडे घातलेला झेब मॅकॅहन. ही मालिका युरोपात फार चालली. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोकळं काम हेच. १९८१ मध्ये ‘मॅक्लेन्स लॉ’ या मालिकेत आधुनिक पोलीस होऊन बघितलं, ती एका पर्वात आटोपली. १९८८ मध्ये ‘रेड रिव्हर’च्या टीव्ही आवृत्तीत त्याने वेनचीच जुनी भूमिका केली.

आणि मॅट डिलन? तो १९८७ मध्ये परत आला, ‘रिटर्न टू डॉज’ या टीव्ही चित्रपटात, किटीसकट. नंतर आणखी चार झाले, शेवटचा १९९४ मध्ये. पन्नाशीच्या दशकापासून नव्वदीच्या दशकापर्यंत, पाचही दशकांत एकच भूमिका. तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता.

डॉज सिटी खरं गाव आहे का? आणि मॅट डिलन?

गाव खरं, मार्शल काल्पनिक. १८७२ मध्ये तिथे रेल्वे आली, आधी रानरेड्यांच्या कातड्यांचा आणि मग गुरांचा बाजार भरला. वायट अर्प, बॅट मास्टरसन ही खरी माणसं तिथे कायद्याच्या कामावर होती. बॅटचा भाऊ एड १८७८ मध्ये तिथेच कामावर असताना गोळी लागून गेला. आज गावात गनस्मोक नावाचा रस्ता आहे. जो कधी जन्मलाच नाही त्याच्या मालिकेच्या नावाचा रस्ता. शेरलॉक होम्सच्या बेकर स्ट्रीटवाले समजू शकतील.

विक्रम अजून टिकून आहे का?

भागसंख्येचा नाही. एप्रिल २०१८ मध्ये ‘द सिम्पसन्स’ ६३६ व्या भागाला पोचली. पण ती कार्टून. कार्टूनमधल्या पोराचं वय वाढत नाही आणि पायही ठणकत नाही.

स्वभावाने कसा होता?

मुलाखती टाळायचा, पार्ट्यांना जायचा नाही, समुद्रावर जायचा. सर्फिंगचं वेड इतकं की मुलगा रॉल्फ १९७० मध्ये सर्फिंगचा जगज्जेता झाला. अँझिओच्या पाण्यात कंबरेइतकं उतरवलेला माणूस पुढे हौसेने लाटांवर जातो, याचं मला नेहमी नवल वाटतं. ३ जून २०११ ला लॉस एंजेलिसमध्ये राहत्या घरी तो गेला. वय ८८. चाहत्यांसाठी लिहून ठेवलेलं पत्र त्याच्या माघारी प्रसिद्ध झालं.

बघायला सुरुवात कुठून करू?

अर्ध्या तासाच्या कृष्णधवल भागांपासून. काही ठिकाणी ते ‘मार्शल डिलन’ या नावाने सापडतात. पहिला ‘मॅट गेट्स इट’, मग जॉन मेस्टनने लिहिलेले कोणतेही चार. रंगीत भागांकडे नंतर वळा. आणि बघताना चेस्टरच्या पायाकडे लक्ष जाईलच, ते जाऊ द्या. पण मधूनच मार्शल घोड्यावरून उतरतो, तेव्हा तो उजवा पाय जमिनीवर कसा टेकवतो ते बघा.